जिरं मोजणारी लालाय

डॉक्टर ओक्ताव्योंनी फॉर्म पुढे केला तेव्हा लालाय मोंदेहारचे हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. तिने ते बाहेर काढले, झग्याला पुसले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि उभ्याउभ्याच फॉर्म वाचून काढला.

विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचे पुरस्कार. प्राध्यापकांसाठी चार, कर्मचाऱ्यांसाठी तीन. नाव, युलालिया मोंदेहार. वय, चौसष्ट. विभाग, मत्स्यबीज केंद्र. हुद्दा, सफाई कर्मचारी. गट, उत्कृष्ट सफाई कर्मचारी.

डॉक्टरांच्या खिशातलं पेन तिने न विचारता उपसलं. 'सफाई कर्मचारी' वर दोन आडव्या रेघा ओढल्या आणि वर लिहिलं, 'जिरं मोजणारी'. खालचा गटही खोडला आणि लिहिलं, 'तांत्रिक'.

"अगं मानांग, सरकारी कागद आहे तो!" डॉक्टर केंद्राचे संचालक होते, पण वयाने तिच्याहून वीस वर्षांनी धाकटे, म्हणून तिला मानांग, म्हणजे ताईच म्हणत.

"सरकारी आहे म्हणून तर खरं लिहिलं. घरचा असता तर खपवून घेतला असता."

"आस्थापनेतली हेडी हा फॉर्म माझ्या तोंडावर फेकेल."

"फेकू दे. तुमचं तोंड मोठं आहे, दोक, झेलता येईल."

डॉक्टर हसले, पण पेन परत घेताना म्हणाले, "मानांग, फेब्रुवारीत तू पासष्टची होतेस. ही शेवटची खेप. सफाईच्या गटात चार नावं आहेत, डोळे मिटून पदक तुझं. तांत्रिक गटात वीजवाले आहेत, प्रयोगशाळावाले आहेत, सगळ्यांची प्रमाणपत्रं हातभर. तिथून तुला हाकललं तर तू रिकाम्या हाताने घरी जाशील."

"आणि सफाईतलं घेतलं तर झाडू हातात घेऊन जाईन," लालाय म्हणाली. "तेहतीस वर्षांत मी इथं एकदा तरी झाडलंय का, सांगा."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. झाडलं नव्हतंच.

बांगुस माशाचं जिरं, म्हणजे त्याचं इवलंसं पिल्लू, पाण्यात पडलेला पांढरा दोरा, नखाएवढा, आणि त्या दोऱ्याला दोन काळे ठिपके. ठिपके म्हणजे डोळे. बाकीचं अंग असून नसल्यासारखं. असलं जिरं हजारांनी, लाखांनी मोजायचं, हे लालायचं काम. समोर पांढरं टप, हातात पांढरी वाटी. वाटीत पाच-सात दोरे उचलायचे, दुसऱ्या टपात सोडायचे आणि सोडता सोडता आकडा सुरात म्हणायचा. शंभर भरले की एक कवडी बाजूला. नुसतं बोलून मोजलं तर जीभ अडखळते, मन भरकटतं. सूर धरला की आकडा आपोआप पुढच्या आकड्याला हात देतो.

हा सूर तिला आईकडून मिळाला. तिची आई गोरिंग किनाऱ्यावर मोजायला बसायची. एका बाजूला जिरं पकडणारे, दुसऱ्या बाजूला तळ्यांचे मालक, मध्ये गोरिंग. दोन्ही बाजूंनी एकमेकांना चोर म्हणायचं, पण गोरिंगने आकडा गायला की दोघांचीही तोंडं बंद. प्रत्येक मोजणारणीचा सूर वेगळा. वाऱ्यावरून सूर आला की घरात चूल फुंकणारी बाईसुद्धा ओळखायची, आज कोण बसलंय. लालाय सात वर्षांची असताना आईशेजारी बसायला लागली आणि पंधराव्या वर्षी आईला ताप आला तेव्हा तिच्या जागी बसली. तळ्याच्या मालकाने कुरकुर केली, "पोरटी आहे." लालायने आठ हजार मोजले. त्याने घरी नेऊन पुन्हा मोजवले. आठ हजारच निघाले. दुसऱ्या दिवशी तो माणूस तिच्यासमोर टप ठेवून उकिडवा बसला.

विद्यापीठाने समुद्राकाठी मत्स्यबीज केंद्र काढलं तेव्हा मोठमोठ्या पदव्यांची माणसं आली, पंप आले, काचेच्या टाक्या आल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टाकीत किती जिरं सोडलं आणि किती जगलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग लालायला बोलावणं गेलं. आता तिला ठेवायचं कुठल्या जागेवर? सरकारच्या यादीत जिरं मोजणारीची जागा नाही. सफाई कर्मचाऱ्याची एक रिकामी होती. तेव्हाचे संचालक म्हणाले, "तूर्त इथं सही कर, पुढे बघू." पुढे बघायला ते संचालक राहिले नाहीत. त्यांच्यानंतर चार संचालक आले नि गेले, आणि ते 'तूर्त' तेहतीस वर्षं तसंच बसून राहिलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर लालाय बोलली नसती. पण तेरा वर्षांपूर्वी तिला पदक मिळालं. उत्कृष्ट सफाई कर्मचारी. तेव्हाच्या संचालकांनी हौसेने तिची फाइल बनवली होती आणि पुरावा म्हणून केंद्राच्या चकचकीत फरशीचे अकरा फोटो लावले होते. फरशी धुतली होती मानांग सायोंगने. रोज पहाटे चारला उठून, गुडघे टेकून. आणि व्यासपीठावर नाव पुकारलं गेलं लालायचं. तिला वाटलं होतं मोजणीचं काहीतरी असेल, म्हणून ती मोठ्या दिमाखात वर गेली, नि मानपत्र वाचायला लागले तेव्हा तिचे कान तापले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकावर हा एवढा मोठा फ्लेक्स. लालायचा फोटो, आणि छपाईवाल्याने स्वतःच्या अकलेने तिच्या शेजारी चिकटवलेला झाडू. तीन महिने लटकला. गावची माणसं बसमधून जाताना बोटं दाखवायची. "मोठ्या शाळेत गेली गं आपली लालाय, झाडू मारायला!"

सायोंग वर्षभर बोलली नाही. नुसती बोलली नाही एवढंच नव्हे. सगळं केंद्र आरशासारखं झाडायची आणि लालायच्या टपासमोर वीतभर रुंद धुळीचा पट्टा सोडून द्यायची. लालायने तो पट्टा कधी झाडला नाही. झाडला असता तर मानपत्र खरं झालं असतं. शेवटी एका वादळानंतर दोघींनी मिळून टाकीतला चिखल उपसला, तेव्हा सायोंग एकदम म्हणाली, "फावडं नीट धर, बये, पदक मिळालंय तुला," आणि दोघी हसून हसून चिखलात बसल्या. तिथून बोलणं सुरू झालं. पण लालायच्या मनातला सल काही निघाला नाही.

तर त्या सोमवारी ती फॉर्म घेऊन स्वतःच आस्थापना कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी हेडेलिझा पालमारेस, सगळ्यांच्या माम हेडी. टेबलावर फाइलींचे ढीग. एकेक फाइल विटेएवढी जाड, रंगीत खुणा लावलेली, कारण पुरस्कार हवा असेल तर ज्याने त्याने आपले पुरावे आपणच जमवायचे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, फोटो, आभाराची पत्रं. वीजतंत्री मानोंग, म्हणजे दादा, तुरोची फाइल तर दोरीने बांधली होती. लालायच्या फाइलीत एकच कागद होता.

"हे काय गं मानांग?" हेडीने फाइल उलटी करून झटकली. "अजून काही आत अडकलंय का?"

"नाही. संपली."

"प्रमाणपत्र?"

"कशाचं?"

"मोजणीच्या प्रशिक्षणाचं. कुठल्यातरी मान्य संस्थेचं."

"माझी आई. ती मान्य होती पाच गावांत."

"आई चालत नाही, मानांग."

"माझी चालायची. थेट तळ्यापर्यंत."

हेडीने कपाळाला हात लावला. ती वाईट बाई नव्हती. नियमांची होती, एवढंच. "ऐक माझं. तुझा हुद्दा सफाई. गट हुद्द्यावरून ठरतो, आजपर्यंत असंच चालत आलंय. तू सफाईत राहा, मी देवाशप्पथ सांगते, पदक तुझंच आहे. वर निवृत्तीच्या कागदात पण शोभेल."

"निवृत्तीच्या कागदात काय लिहिणार तुम्ही? तेहतीस वर्षं उत्तम झाडलं?"

"तसंच लिहावं लागतं."

"मग मला तुमचं पदक नको, तुमचा कागद बदलून द्या. माझा नवरा मासेमार आहे, त्याच्या कागदावर मासेमार लिहिलंय. माझी आई मोजणारीण होती, चर्चच्या वहीत तसं लिहून पुरलंय तिला. मी तेवढी खोटी ठरून मरू?"

"मरायचं कुठे काढतेस, निवृत्त होतेयस!"

"तेच. त्यानंतर सांगायला मी इथं नसणार."

हेडी फाइल मिटत म्हणाली, "प्रमाणपत्र नसेल तर फाइल समितीपुढे जातच नाही."

"समितीला डोळे आहेत ना? डोळे घेऊन केंद्रावर या म्हणावं. मी मोजते, त्यांनी बघावं."

संध्याकाळी घरी पासिंग, तिचा नवरा, जाळं विणत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे हातातलं पदक सोडून पळत्याच्या मागे लागलीस."

"मासा पळता असतो म्हणून तू समुद्रावर जायचं सोडलंस का?"

"आपलं मी म्हटलं," पासिंग म्हणाला आणि गाठ मारायला लागला. बायकोपुढे कुठे थांबायचं हे त्याला चाळीस वर्षांत नेमकं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सायोंग टपाशी येऊन उभी राहिली. झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून.

"ऐकलं ते खरं? सफाईतून नाव काढलंस?"

"काढलं."

"माझ्यावर उपकार करतेस होय?"

"तुझं तू बघ. माझा झाडूशी संबंध नाही, एवढंच सांगून आले."

"नाही म्हणजे, यंदा माझं पण नाव आहे त्यात," सायोंग म्हणाली. "तुझ्यामुळे हरले असते तर पुन्हा वर्षभर अबोला धरायला लागला असता. ह्या वयात जमत नाही गं."

समितीने यायचं कबूल केलं, कारण समितीचे अध्यक्ष सर व्हिलाव्हेर्त गणिताचे होते आणि माणूस नुसत्या डोळ्यांनी हजारावर अचूक मोजतो यावर त्यांचा बिलकूल विश्वास नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी दोन विद्यार्थी पाठवून जिऱ्याचं एक टप वेगळं काढवलं, उथळ ताटांत ओतून वरून फोटो घेतले, संगणकावर एकेक ठिपक्यांची जोडी मोजवली. दोनदा. आकडा पाकिटात बंद केला आणि पाकीट खिशात.

बुधवारी दुपारी तीनला समिती आली. सर व्हिलाव्हेर्त, परिचारिका महाविद्यालयाच्या प्रमुख माम फिलोमेना, आणि कागदपत्रं घेऊन हेडी. आता पाहुणे येणार म्हणजे डॉक्टर ओक्ताव्यो गप्प थोडेच बसणार? कोपऱ्यात टेबल मांडून त्यांनी सगळा थाट केला होता. नारळाच्या पानात गुंडाळलेला गोड भाताचा इबोस, भाजी भरलेला गरम लुम्पिया, तळलेली केळी, कॉफी. वास थेट टपापर्यंत.

लालाय लाकडी चौरंगावर बसली. मांडीवर फडकं, उजवीकडे कवड्या, डावीकडे पाण्याची करवंटी. तिने समितीकडे पाहिलं. "एक सांगते. मी सुरू केलं की माझ्याशी कुणी बोलायचं नाही. चर्चची घंटा वाजली तरी."

आणि तिने सूर धरला.

पहिल्या शंभराला सर व्हिलाव्हेर्त हाताची घडी घालून उभे होते. तिसऱ्या शंभराला ते वाकले. वाटी खाली, वाटी वर, आणि त्या घोगऱ्या, संथ आवाजात आकडे एकामागून एक ओवल्यासारखे. पाचव्या कवडीला हेडीचा पाय नकळत ताल धरायला लागला.

माम फिलोमेना मात्र टेबलापाशी पोचल्या होत्या. भल्या बाई. आपल्या ताटात वाढून घ्यायचं आणि यजमानीण उपाशी राबतेय, हे त्यांना बघवेना. आमच्याकडे कुणी 'या, जेवायला बसा' म्हटलं की रस्त्याने जाणारा परकासुद्धा थांबून उत्तर देतो. खात नसला तरी देतो. न देणं म्हणजे अन्नाचा आणि म्हणणाऱ्याचा दोघांचा अपमान.

"मानांग लालाय, या हो, दोन घास खाऊन घ्या," माम फिलोमेना म्हणाल्या.

लालायने मान वर केली नाही.

"मानांग, इबोस गार होतोय!"

सूर थोडा चढला. बाकी काही नाही.

"ऐकू कमी येतं का हिला?" माम फिलोमेनांनी डॉक्टरांना विचारलं आणि मग अगदी टपाशी येऊन, वाकून, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो बाई, खायला या!"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. दाराशी उभ्या सायोंगने तोंडात पदर कोंबावा तसा फरशी पुसायचा फडका कोंबला. लालायने एवढ्या मोठ्याने गायला सुरुवात केली की बाहेरच्या पंपावरचा माणूस आत डोकावून गेला. माम फिलोमेना लाल होऊन मागे सरकल्या. हेडीच्या कानाशी म्हणाल्या, "तांत्रिकचं राहू दे, आधी वागणुकीचे गुण काढा हिचे."

सोळा कवड्या झाल्या. त्रेचाळीसवर सूर थांबला. लालायने वाटी उपडी केली, पाठ सरळ केली आणि पहिलं वाक्य बोलली ते माम फिलोमेनांना. "माम, तुमचं बोलावणं मी तिन्ही वेळा ऐकलं. थँक्यू. आता येते खायला. मध्येच 'येते' म्हटलं असतं तर एकाचं जिरं दुसऱ्याच्या टपात गेलं असतं. आमच्या किनाऱ्यावर ह्यावरून कोयते निघालेत."

माम फिलोमेना वरमल्या. "नाही, म्हणजे, मला माहीत नव्हतं हो."

"एक हजार सहाशे त्रेचाळीस," लालाय म्हणाली.

सर व्हिलाव्हेर्तांनी पाकीट फाडलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "एक हजार सहाशे सेहेचाळीस." आवाजात किंचित दिलासा होता. गणित जिंकलं तर कुठल्या गणितवाल्याला वाईट वाटेल? "तीन कमी, मानांग. तरी कमाल आहे. खरंच कमाल आहे."

"कमी नाहीत, वेगळे आहेत," लालाय म्हणाली आणि मांडीशेजारची करवंटी पुढे केली.

करवंटीत तीन दोरे पोहत होते.

"हे पण बांगुसच," सर म्हणाले.

"तुमच्या फोटोत असतील. नीट बघा. बांगुस दोऱ्यासारखा, हा पट्टीसारखा. आणि शेपटी बघा, कातरीने चिरल्यागत. हा बुआन-बुआन. महिन्याभरात बोटाएवढा होईल आणि टाकीतल्या भावंडांना गिळायला लागेल. मग हे दोक म्हणतील, मानांगने दहा हजार मोजले, निघाले सहा हजार, म्हणजे मानांग चुकली. नुसतं किती ते मोजून भागत नाही, सर. काय मोजतोय तेही बघावं लागतं."

सर व्हिलाव्हेर्त करवंटी घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरली. डॉक्टर ओक्ताव्योंनी भिंग आणून दिलं. बराच वेळ त्या दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

"ती बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"मला सांगू नका, दिसतंय मला," सर चिडून म्हणाले. मग लालायकडे वळले. "किती चूक होते साधारण?"

"हजारात एखादं. तेसुद्धा शिंक आली तर."

सर चौरंगावर बसले, स्वतः. वाटी मागून घेतली. "सूर नाही येत मला," म्हणाले आणि मोजायला लागले. सत्तरपर्यंत पोचले नाहीत तोच सायोंग दारातून ओरडली, "सर, लुम्पिया संपत आला हो!" सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आकडा गेला. केंद्रात एवढा हशा कधी झाला नव्हता. माम फिलोमेना सगळ्यात जोरात हसत होत्या.

कॉफी पिताना हेडीने मुद्दा काढलाच. "सर, सगळं ठीक, पण फाइलीत प्रमाणपत्र नाही. मान्य संस्थेचं लागतं."

"आपलं विद्यापीठ मान्य आहे ना?"

"आहे."

"गणित विभाग विद्यापीठातच येतो ना?"

"येतो."

"मग मी देतो," सर व्हिलाव्हेर्त म्हणाले. दुसऱ्या दिवशी विभागाच्या शिक्क्यानिशी कागद आला. श्रीमती मोंदेहार यांची मोजणीची परीक्षा घेतली, संगणकाने तीन चुका केल्या, श्रीमती मोंदेहार यांनी एकही नाही. फाइलीत आता दोन कागद झाले. हेडीने दोन्ही जागी एकेक रंगीत खूण लावली. शेवटी तिचाही जीव होता ना फाइलींवर.

वर्धापनदिनाच्या दुपारी व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. प्राध्यापक पांढऱ्या बारोंग सदऱ्यांमध्ये, कार्यालयातल्या बायका फुगीर बाह्यांच्या झग्यांत, ग्रंथालयवाल्यांचा नाच, सुरक्षारक्षकांचं गाणं. लालायच्या गावातून एक जीपनी गाडी भरून माणसं आली होती. पासिंगने लग्नातला शर्ट घातला होता, वरचं बटण लागत नव्हतं.

सफाईचं पदक पहिलं पुकारलं. सायोंगचं नाव आलं आणि सायोंग जागची हलेना. लालायने तिला पाठीत गुद्दा घातला. "जा की! का माझी वाट बघतेस?" सायोंग वर गेली. तिच्या लेकाने तिच्या गळ्यात पदक अडकवलं तेव्हा बाईने व्यासपीठावरून खाली बोट रोखून सांगितलं, "ती फरशी मी धुतली होती!" कुणाला काही कळलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

मग तांत्रिक गट. सूत्रसंचालकाने शेवटच्या फेरीतली तिन्ही नावं वाचायला घेतली. लालायने मान उंच केली. पदकाचं तिला एवढं नव्हतं. त्या माणसाच्या हातातल्या कार्डावर काय छापलंय, त्याचं होतं. हेडीने वचन दिलं नव्हतं. "बघते" म्हणाली होती.

"आर्तुरो देओकाम्पो, वीजतंत्री. नोएमी बाल्दिमो, प्रयोगशाळा तंत्रज्ञ." त्याने कार्ड थोडं दूर धरलं. "युलालिया मोंदेहार, जिरं मोजणारी."

गावच्या माणसांनी अशी आरोळी ठोकली की सूत्रसंचालकाला वाटलं निकालच लागला. कोपऱ्यातली एक म्हातारी मोजणीच्या सुरात "एक, दोन, तीन" गायला लागली. पासिंगचं दुसरं बटण तुटलं.

पदक मात्र मानोंग तुरोला गेलं. मागच्या वादळात दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने केंद्राचा जनरेटर चालू ठेवला होता. म्हणूनच लालायचं जिरं जगलं होतं. लालायने टाळ्या वाजवल्या, पण ओठ मुडपून.

"वाईट वाटलं?" पासिंगने विचारलं.

"वाटलंच. तुरो चांगला आहे, त्याला मिळालं ते बरं झालं. तरी मी असते समितीत तर मला दिलं असतं."

जीपनीपाशी गेल्यावर पासिंग गुळमुळीत व्हायला लागला. शेवटी सीटखालून एक गुंडाळी काढली. फ्लेक्स. आठवडाभर आधीच छापून घेतलेला. लालायचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो, खाली 'जिरं मोजणारी', त्याखाली 'पदकविजेती'.

"तू जिंकणारच असं मला वाटलं," तो म्हणाला.

"मलाही," लालाय म्हणाली. तिने ड्रायव्हरकडून सुरी मागून घेतली, फ्लेक्स जीपनीच्या बॉनेटवर पसरला आणि खालची पट्टी सरळ कापून टाकली. "आता खरं आहे. लाव किनाऱ्यावर."

पुढच्या सोमवारी हेडी स्वतः केंद्रावर आली. उंच टाचांचे बूट हातात, कारण फरशी ओली होती आणि सायोंग बघत होती.

"मानांग, निवृत्तीच्या सह्यांसाठी नाही आले. व्हिलाव्हेर्त सरांचा अहवाल कुलगुरूंनी वाचला. विचारत होते, ही बाई फेब्रुवारीत गेल्यावर कोण?"

"कुणी नाही. तेच तर मी कधीची सांगतेय."

"त्यांनी सांगितलंय, जागा मोजणारीची म्हणून मागवा. वरून मंजूर होईल न होईल, मी शब्द देत नाही. राजधानीतले लोक जिरं म्हटलं की काय समजतील देव जाणे. पण जाहिरात आपण काढू शकतो. पात्रता काय लिहू?" हेडीने वही उघडली. "शिक्षण, पदवीधर?"

"खोड ते. पदवीधरांना इथं सत्तरसुद्धा मोजता आलं नाही."

"अनुभव?"

"डोळे चांगले हवेत. चष्मा चालेल. मला आहे. पाठीला सवय हवी. आणि दोन्ही बाजूंनी शिव्या दिल्या तरी आकडा न बदलणारी हवी."

"हे असं कसं लिहू जाहिरातीत?"

"जसं मी सांगितलं तसं."

हेडीने लिहिलं. "परीक्षा मार्चमध्ये ठेवू? जागा रिकामी झाल्यावर?"

"मार्चमध्ये मी किनाऱ्यावर बसलेली असेन. परीक्षा घ्यायला कोण, सर व्हिलाव्हेर्त?" लालायने वही स्वतःकडे ओढली. "ह्या महिन्यात घ्या. मी आहे तोवर. पास होईल तिला फेब्रुवारीपर्यंत माझ्या शेजारी बसवा."

"पण जागा भरलेली असताना जाहिरात..."

"हेडी."

"बरं बरं. लिहिते. ह्या महिन्यात."

जाहिरात फाटकावर चिकटली आणि पंधरा दिवसांनी सात जणी आल्या. दोघी किनाऱ्यावरच्या, एक प्रयोगशाळेतली नोएमी, एक चक्क गणिताची विद्यार्थिनी, बाकीच्या कुठल्या कुठल्या. लालायने सात टप मांडून ठेवले होते आणि प्रत्येकात किती जिरं आहे ते तिला एकटीला माहीत होतं. तिने सगळ्यांना चौरंगांवर बसवलं, एकेकीच्या मांडीवर फडकं टाकलं, आणि पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"गळे साफ करा," ती म्हणाली. "शेजारणीचा सूर उचललात तर तुमचा आकडा तिचा होईल. आपापला धरा. चला, एक."